वंशवृक्ष कीं गांव?

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव इंग्लंडांत स्थायिक झालेले असून त्यांनीं तिकडील एका इंग्रज घराण्यांतील मुलीशीं विवाह केला आहे. गेल्या वर्षीं आमचे स्नेही तिकडे जाऊन आले. परत आल्यावर त्यांनीं ज्या ज्या गोष्टींची वाखाणणी केली, त्यांत रस्ते, बागा व थंड हवा ह्यांच्याहि वर त्यांनीं एका वस्तूला स्थान दिलें. ती वस्तु म्हणजे व्याह्यांच्या दिवाणखान्यांत चौकटींत लावलेला वंशवृक्ष. सन १५९० च्या सुमारापासून आजपर्यंतचे पुरुष त्यांत एकाखालीं एक मांडलेले आहेत, आणि ही सर्व माहिती त्या घराण्याच्या मूळ गांवच्या चर्चमधील जुन्या नोंदवह्यांतून काढलेली आहे. "ह्या लोकांना आपल्या चौदा पिढ्या ठाऊक आहेत," आमचे स्नेही म्हणाले, "ह्याचें नांव इतिहासप्रेम! नाहीं तर आम्ही. श्राद्धाच्या तीन नांवांपलीकडे चवथें विचाराल तर भटजींच्या तोंडाकडे पाहावें लागतें." त्याच बैठकींत त्यांनीं आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापण्याचा संकल्प सांगितला, आणि त्याला प्रस्तावना लिहिण्याची गळ आम्हांला घातली.

हा उद्गार आमच्या स्नेह्यांच्या एकट्याचा असता तर आम्हीं तो हंसून सोडून दिला असता. परंतु आमच्या सुशिक्षित घरांतून हें मत सर्रास ऐकूं येतें. इंग्रज खेड्यांतील नोंदवह्या हा त्या राष्ट्राच्या उपजत इतिहासबुद्धीचा पुरावा, आणि त्यांतून निघालेला वंशवृक्ष हें त्या बुद्धीचें फळ, अशी ही दुहेरी समजूत आहे. आमच्या मतें तिचे दोन्ही भाग खोटे आहेत. त्या वह्या इतिहासप्रेमाच्या पोटीं जन्मल्या नाहींत. आणि त्यांतून वंशवृक्ष काढणें हा त्यांचा सर्वांत हलका, किंबहुना त्यांच्याशीं प्रतारणा करणारा उपयोग आहे. हें आमचें म्हणणें अनेकांस कडू लागेल, म्हणून तें जरा विस्तारानें मांडतों.

प्रथम ह्या वह्यांची जन्मकथा. 'पॅरिश' म्हणजे एका चर्चच्या हद्दींत येणारें गांव व त्याच्या वाड्या. सन १५३८ च्या सप्टेंबरांत आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉम्वेल ह्यानें हुकूम सोडला कीं, प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यानें एक वही ठेवावी, आणि आठवड्यांतील बाप्तिस्मे, लग्नें व दफनें दर रविवारीं, निदान एका चर्चवॉर्डनाच्या समक्ष, तींत टिपावीं. वहीसाठीं दोन कुलुपांची पेटी असावी. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी वॉर्डनांकडे. चुकल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड. आतां ह्या हुकुमाचें स्वागत गांवकऱ्यांनीं कसें केलें, तें पाहा. दोनच वर्षांपूर्वीं, १५३६ सालीं, लिंकनशायर व यॉर्कशायर ह्या परगण्यांत जें बंड उसळलें, त्यांत पसरलेल्या अफवांपैकीं एक अशी होती कीं, राजा आतां बाप्तिस्मा, लग्न व मूठमाती ह्यांवरहि पैसे उकळणार आहे. वह्या सुरू होतांच तीच भीति डेव्हन व कॉर्नवॉलकडे पसरली. ज्या राष्ट्राच्या इतिहासबुद्धीचे पोवाडे आमचे स्नेही गातात, त्या राष्ट्राचा शेतकरी ह्या वहीकडे, आमच्या कुणब्यानें सावकाराच्या खतावणीकडे पाहावें, तसा पाहत होता. ज्यानें ही वही सुरू केली त्या क्रॉम्वेलाचें शिर १५४० सालीं उडालें. वही मात्र राहिली.

शेतकऱ्याची शंका अगदींच वेडगळ होती असेंहि नाहीं. १६९५ पासून १७०६ पर्यंत, फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठीं, सरकारनें खरोखरच जन्माला दोन शिलिंग, लग्नाला अडीच व दफनाला चार शिलिंग अशी पट्टी बसविली. धनिकांस व पदवीधारी उमरावांस ती याहून जबर असे. पुढें १७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीमागें तीन पेन्सांचा कर होता. कंगालांस त्यांतून सूट होती. त्यामुळें त्या वर्षांत अनेक वह्यांतून 'कंगाल' हा शेरा एकाएकीं वाढलेला दिसतो. दारिद्र्य वाढलें नव्हतें, तीन पेन्स वांचविले जात होते. १६७८ चा कायदा तर ह्याहूनहि मौजेचा. देशांतील लोंकरीच्या धंद्याला आधार म्हणून प्रत्येक प्रेत लोंकरी कफनांतच पुरलें पाहिजे, आणि तसें केल्याचें शपथपत्र आठ दिवसांत दाखल केलें पाहिजे, नाहीं तर पांच पौंड दंड! दंडांतील निम्मी रक्कम खबर देणारास मिळे. तेव्हां ज्या श्रीमंतांना आपला मृत तागाच्या तलम वस्त्रांत न्यावयाचा असे, ते घरांतल्याच कोणाकडून खबर देववीत आणि अडीच पौंड घरांतच ठेवीत. कफनाची ही शपथ नोंदवहींत मृताच्या नांवाशेजारीं लिहिलेली आढळते. हें इतिहासप्रेम असेल तर अबकारी खात्याचें दप्तर हें महाकाव्य म्हटलें पाहिजे.

बरें, वह्या राखल्या तरी कशा? १५९८ त राणी एलिझाबेथच्या संमतीनें आज्ञा झाली कीं, जुन्या कागदी वह्या चर्मपत्रांवर उतरून काढाव्या. आरंभापासून, पण विशेषतः राणीच्या राज्यारोहणापासून. ह्या 'पण विशेषतः' नें घात केला. अनेक पाद्र्यांनीं त्याचा सोयीस्कर अर्थ करून १५५८ पासूनच नकला केल्या, आणि पहिलीं वीस वर्षें कायमचीं नाहींशीं झालीं. पुढें राजा व पार्लमेंट ह्यांच्या यादवींत कित्येक गांवीं वर्षेंच्या वर्षें कोरीं राहिलीं. १६५३ त तर नोंदणीचें काम पाद्र्याकडून काढून एका निवडलेल्या मुलकी अंमलदाराकडे दिलें आणि लग्नें मॅजिस्ट्रेटापुढें लागूं लागलीं; १६६० त राजा परतल्यावर तें सारें उलटलें. उरलें तें ओल, उंदीर व कारकुनांचा आळस ह्यांनीं खाल्लें. १८१२ च्या कायद्यानें छापील रकाने आले. ह्या कायद्यांत शिक्षेचा अर्धा भाग खबर देणारास व अर्धा गांवच्या गरिबांस द्यावा असें कलम आहे. आणि सबंध कायद्यांत शिक्षा काय ती एकच, खोटी नोंद करणारास चौदा वर्षें काळें पाणी! म्हणजे सात वर्षें खबऱ्यानें भोगावीं आणि सात गोरगरिबांनीं आपसांत वांटून घ्यावीं. असल्या विनोदी कायद्यांखालून जें वांचलें तेंच व्याह्यांच्या चौकटीपर्यंत पोंचलें आहे.

येथें कोणी म्हणेल, जन्म कसाहि असो, वह्या आज आहेत ना? आहेत, आणि त्या अनमोल आहेत, ह्याबद्दल आमचा वाद नाहीं. वाद आहे तो त्या वाचाव्या कशा ह्याविषयीं. वंशवृक्षाचा शोधक वही उघडतो तो एक आडनांव मनांत धरून. पानावर चाळीस नांवें असलीं तर त्यांतील एकोणचाळीस त्याच्या लेखीं केवळ अडथळा होत. पूर्वीं निदान तीं डोळ्यांखालून जात तरी होतीं; आतां यंत्रांत नांव टाकलें कीं नेमकी तीच ओळ पुढें येते आणि बाकीचें गांव पडद्याआड राहतें. शिवाय तो ज्याला आपलें घराणें म्हणतो तें गणिताच्या कसोटीला किती उतरतें? मनुष्याला आई-बाप दोन, आजे-आज्या चार; ह्या हिशेबानें चौदाव्या पिढीवर त्याच्या पूर्वजांच्या जागा १६,३८४ होतात. पॅरिशची सगळी वस्ती कांहीं शेंकड्यांची. म्हणजे तींच तींच माणसें अनेक वाटांनीं पूर्वज ठरणार. चौकटींतल्या वृक्षावर प्रत्येक पिढींतला एकच पुरुष दाखविलेला असतो. चौदाव्या पिढीवरील सोळा हजारांतून एक निवडून त्याला मूळपुरुष म्हणणें ह्यांत इतिहास किती व हौस किती, ह्याचा विचार वाचकांनींच करावा. नदीचें मूळ व ऋषीचें कूळ शोधूं नये असें आमचे वाडवडील म्हणत. त्या म्हणींत मूळ सांपडत नाहीं एवढेंच सुचविलेलें नाहीं. सांपडलें तर काय हातीं येईल, ह्याचीहि धास्ती तींत आहे.

त्या धास्तीचा नमुना आमच्या स्नेह्यांनींच, त्यांच्या नकळत, आम्हांला पुरविला. वृक्षावर सतराव्या शतकांत एका ठिकाणीं आजोबा आहेत, नातू आहे, आणि मधल्या जागीं सुंदर वेलबुट्टी काढलेली आहे. त्यांनीं कुतूहलानें विचारलें तेव्हां व्याही म्हणाले, "तेथें एक मुलगी होती; पण तिचें लग्न झालेलें नव्हतें, म्हणून नांव घातलें नाहीं." आमच्या स्नेह्यांना ह्यांत व्याह्यांची कुलीनता दिसली. आम्हांला जें दिसलें तें निराळें आहे. लग्नावांचून झालेल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत आईचें नांव असतें आणि आडनांवहि बहुधा तिचेंच मुलाला लागतें. म्हणजे ज्या आडनांवाच्या अभिमानानें ती चौकट बनली, तें आडनांव पुढच्या पिढीला ज्या एकाच व्यक्तीनें दिलें, नेमकी तीच व्यक्ति वृक्षावरून छाटली गेली! पाद्र्यानें तिच्या मुलापुढें 'अनौरस' असा तुच्छतेचा शेरा मारला असेल. परंतु त्यानेंसुद्धां तिचें नांव खोडलें नाहीं. तें काम तिच्या वंशजांनीं केलें.

आणि ती मुलगी केवळ नांवाची धनीण नव्हती. वहीच्याच पेटींत दुसरे कागद असत. गरिबांच्या निरीक्षकांचे हिशेब, हद्दपारीचे हुकूम, जबान्या. त्यांकडे वंशवृक्षवाले सहसा वळत नाहींत. ते वाचले म्हणजे तिच्यासारखींचें आयुष्य कसें होतें तें कळतें. १६०१ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशनें आपापल्या गरिबांस पोसावें असें ठरलें. लगेच 'आपला गरीब' कोणता हा तंटा सुरू झाला. १६६२ च्या कायद्यानें, दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरांत उतरलेल्या परक्या माणसास, पुढें आमच्या गळ्यांत पडेल म्हणून, चाळीस दिवसांच्या आंत दोन मॅजिस्ट्रेटांच्या सहीनें मूळ गांवीं हांकलतां येऊं लागलें. अनौरस मूल जेथें जन्मेल त्या गांवचें धरलें जाई. म्हणून अविवाहित गर्भिणीला दिवस भरण्यापूर्वीं शिवेबाहेर काढण्याची वॉर्डनांची धांदल उडे. ती प्रसूतिवेदनांत असतां सुईण तिला बापाचें नांव विचारी. धर्मासाठीं नव्हे, त्याच्याकडून पोटगी वसूल व्हावी म्हणून. १६९७ त अन्नवस्त्र घेणाऱ्या गरिबांनीं उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचें अक्षर, गांवाच्या आद्याक्षरासह, शिवून घ्यावें असाहि नियम झाला. गरिबाला बिल्ला लावणारा हा गांव एका हातानें त्याला भाकर देत होता आणि दुसऱ्या हातानें शिवेकडे ढकलीत होता. दोन्ही गोष्टी त्याच हिशेबांत, एकाच हस्ताक्षरांत लिहिलेल्या असतात. आमच्या मतें इंग्लंडच्या खेड्याचा इतिहास तो हा.

असा इतिहास लिहितां येतो, ह्याला आमच्याजवळ साक्षीदार आहे, आणि तो कोणी प्राध्यापक नव्हे. श्रॉपशायर परगण्यांत मिडल नांवाची पॅरिश आहे. तेथील न्यूटन वाडीवर रिचर्ड गॉफ नांवाचा एक मध्यम प्रतीचा जमीनदार शेतकरी राहत असे. त्याचा जन्म १६३५ चा, मृत्यु १७२३ चा. पासष्टी उलटल्यावर, १७०१ च्या सुमारास, त्यानें आपल्या गांवाचा वृत्तान्त लिहावयास घेतला. त्याची युक्ति अशी: चर्चमधील बांकांचा नकाशा काढावयाचा, आणि एकेक बांक घेऊन तो कोणत्या घराचा, त्या घरांत कोण कोण राहून गेलें, त्यांचें काय झालें, हें सांगावयाचें. ह्या युक्तींतच त्याचें सारें शहाणपण आहे. बांक घराला लागलेलें असे, रक्ताला नव्हे. कूळ बदललें, घर विकलें गेलें, विधवेनें दुसरा नवरा केला, नवीन माणूस परगांवाहून आला, बांक तेथेंच. त्यामुळें गॉफच्या वृत्तान्तांत घराणीं येतात तशीं उपरीं माणसेंहि येतात, आणि पुढल्या बांकावरचे जहागीरदार येतात तसे मागल्या बांकांवरचे झोंपडीवालेहि येतात.

आणि तो कांहीं झांकीत नाहीं. कुंपणाचीं लांकडें चोरून भट्टी पेटविणारा एक गरीब आहे. चोरी कोण करतो हें कळावें म्हणून शेजारच्या एका गड्यानें लांकडाला भोंक पाडून आंत बंदुकीची दारू ठांसून ठेविली आणि त्याच्या भट्टीचें छप्पर उडालें. वारसा मिळावा म्हणून पुतण्याला बादलीभर पाण्यांत बुडवून मारणारा व पुढें फांसावर गेलेला काका आहे. नवराबायको दोघेंहि गुत्त्यावर बसूं लागल्यानें दावणीच्या गाई विकल्या गेलेलें घर आहे. राजा-पार्लमेंटच्या युद्धांत मिडल, मार्टन व न्यूटन ह्या तीन वस्त्यांतून वीस माणसें गेलीं आणि त्यांतलीं तेरा मारलीं गेलीं, हा आंकडा गॉफनें दिला नसता तर कोठेंहि मिळाला नसता. त्या वीसांत एक गुहेंत राहणारा प्रीस होता. तो आपल्या तीन मुलांसह राजाच्या बाजूनें गेला. दोन मुलें हाय अर्कल येथें मारलीं गेलीं. तिसरा घोडे चोरल्याबद्दल फांशीं गेला. हा वंश कोणत्याहि चौकटींत बसणारा नाहीं. तरी आज तीनशें वर्षांनंतर इंग्लंडचा इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाला हा गुहेंतला प्रीस ठाऊक आहे, आणि त्याच परगण्यांतील कित्येक सरदारांच्या सोनेरी वंशावळ्या कोणी उघडूनहि पाहत नाहीं.

गॉफ साधुपुरुष होता असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या पॅरिशनें दुसऱ्या पॅरिशांशीं कंगालांच्या पोसण्यावरून केलेल्या कज्ज्यांचीं हकीकत त्यानें शेवटीं स्वतंत्र प्रकरणांत, मोठ्या चवीनें, सांगितली आहे. ज्याला गांवांतल्या प्रत्येक चुलीची माहिती आणि प्रत्येक माणसाचा कळवळा, तोच शिवेवरच्या भिकाऱ्याविषयीं इतका कोरडा! परंतु हा कोरडेपणाहि त्यानें लपविला नाहीं, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. त्याचा ग्रंथ १८३४ पर्यंत हस्तलिखितांत पडून होता. त्यानें तो कोणा धनिकाच्या तुष्टीसाठीं लिहिला असता तर बहुधा लौकरच छापला गेला असता.

आतां दुसऱ्या एका भ्रमाकडे वळूं. वंशवृक्षाच्या तळाशीं गांवाचें नांव मोठ्या अक्षरांत असतें. जणुं चौदा पिढ्या एकाच मातींत रुजून उभ्या होत्या. नॉटिंगहॅमशायरमधील क्लेवर्थ गांवच्या विल्यम सॅम्प्सन नांवाच्या पाद्र्यानें १६७६ त व पुन्हां १६८८ त गांवांतल्या सर्व माणसांची घरवार यादी केली. पहिल्या यादींत ४०१ माणसें होतीं. बारा वर्षांनीं त्यांतलीं शेंकडा साठांहून अधिक गांवांत नव्हतीं. कांहीं मेलीं होतीं. त्याहून पुष्कळ गांव सोडून गेलीं होतीं. गडी-मोलकरणी वर्षावर्षानें धनी बदलीत, मुली लग्न करून जात, कुळें उठत. हें खेडें म्हणजे वटवृक्ष नव्हे, धर्मशाळा होती. जे टिकले तेच वंशवृक्षांत दिसतात, कारण गेलेल्यांचा माग दुसऱ्या गांवच्या वहींत जातो आणि तेथें बहुधा तुटतो. मागाहून आम्ही म्हणतों, पाहा, इंग्रज आपल्या मातीला किती चिकटून!

सगळें पान वाचलें तर काय मिळतें, तेंहि सांगतों. १९६४ त केंब्रिज येथें पीटर लॅस्लेट व टोनी रिग्ली ह्यांनीं एक अभ्यासमंडळ काढलें. त्यांच्या साह्यास गांवोगांवचे हौशी लोक आले व त्यांनीं आपापल्या पॅरिशच्या वह्यांतील महिन्यामहिन्याचे बाप्तिस्मे, लग्नें व दफनें मोजून पाठविलीं. अशा ४०४ पॅरिशांच्या आधारावर १९८१ त रिग्ली व स्कोफील्ड ह्यांनीं इंग्लंडच्या लोकसंख्येचा तीन शतकांहून अधिक काळाचा इतिहास सिद्ध केला. त्यापूर्वींच लॅस्लेट ह्यांनीं दाखविलें होतें कीं, नाटकांतील ज्यूलिएटच्या चौदा वर्षांच्या आंतील प्रेमावरून जुन्या इंग्लंडांत मुली कोवळ्या वयांत उजवीत असें समजणें ही ढोबळ चूक आहे. सतराव्या शतकांत कॅंटरबरीच्या धर्मप्रांतांतून दिलेल्या लग्नाच्या परवान्यांत वधूचें सरासरी वय २४ च्या व वराचें २७ च्या आसपास येतें. डेव्हनमधील कॉलिटन गांवांत तर, १६४५-४६ च्या प्लेगनंतर, मुलींच्या पहिल्या लग्नाचें सरासरी वय तिशीच्या जवळ गेलें आणि दोन पिढ्यांहून अधिक काळ तेथेंच राहिलें, असें रिग्ली ह्यांना १९६६ त आढळलें. गरीब जोडपीं संसार मांडण्यापुरते पैसे साठेपर्यंत थांबत होतीं. हें कोणत्या पूर्वजानें लिहून ठेवलें होतें? कोणींहि नाहीं. ज्यांना आपलीं नांवें वाचतांहि येत नव्हतीं अशा हजारों माणसांच्या ओळी एकत्र ठेवल्यावर त्या आपोआप बोलूं लागल्या.

येथें आम्हांवर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वंशवृक्षाची हौस नसती तर ह्या वह्या उतरून काढावयास, छापावयास, ओलीपासून वांचवावयास माणसें मिळालीं असतीं काय? १९७८ च्या कायद्यानें जुन्या वह्या चर्चमधून दप्तरखान्यांत सुरक्षित गेल्या; पण त्याच्या आधीं शंभर वर्षें त्यांची खस्ता हौशी वंशशोधकांनींच खाल्ली होती. हें आम्ही प्रांजलपणें मान्य करतों. आजोबांचें नांव शोधावयास आलेला एखादा माणूस शेजारचें नांव वाचूं लागतो, त्या मुलाच्या दफनाची नोंद दोनच ओळींखालीं पाहून थबकतो, आणि पुढलीं वीस वर्षें सबंध गांवाची सेवा करतो, अशींहि माणसें आहेत. आमचा वाद त्यांच्याशीं नाहीं. त्यांनीं वृक्ष काढावयास आरंभ केला आणि शेवटीं गांव काढला. आमचा वाद आहे तो जे वेलबुट्टीपाशीं थांबतात त्यांच्याशीं. अशांची परंपरा तिकडेहि जुनी आहे. पैसे घेऊन नॉर्मन विजेत्यांपर्यंत वंश नेऊन भिडविणारे लोक तेथें शतकानुशतकें होते, आणि जे. होरेस राउंड नांवाच्या विद्वानानें त्यांच्या खोट्या वंशावळ्यांचीं लक्तरें वेशीवर टांगण्यांत आयुष्य वेंचलें. इंग्रजांपासून कांहीं घ्यावयाचेंच असेल तर आमच्या स्नेह्यांनीं राउंडचा हा कडकपणा घ्यावा.

आणि ह्या प्रश्नाचा आमच्याशीं संबंध नाहीं असें कोणीं म्हणूं नये. पॅरिशच्या नोंदवहीची ही पद्धति कंपनीबरोबर समुद्र ओलांडून आली. मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मे, लग्नें व दफनें ह्यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठविल्या जात, आणि त्या आज तेथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. इंग्लंडांतले वंशशोधक आपला कोणी पणजा हिंदुस्थानांत शिपाई होता असें कळलें कीं त्या नकला धुंडाळतात. तेथें त्यांना बापाचें नांव मिळतें, पलटण मिळते, हुद्दा मिळतो. आणि आईच्या जागीं कित्येक नोंदींत 'नेटिव्ह स्त्री' एवढेंच लिहिलेलें मिळतें. ही बाई कोण, कोणत्या गांवची, तिला आईबापांनीं काय नांव ठेवलें होतें, हें पाद्र्याला विचारावेंसें वाटलें नाहीं. मिडलच्या पाद्र्यानें आपल्या गांवच्या अविवाहित आईचें नांव निदान लिहिलें असतें. येथें तेंहि नाहीं. त्या वंशवृक्षावर ती जागा वेलबुट्टीनें भरावयाचीसुद्धां गरज उरत नाहीं. ती मुळांतच कोरी आहे.

आमच्या स्नेह्यांना आम्हीं कळविलें आहे कीं, प्रस्तावना आम्ही आनंदानें लिहूं. मात्र त्यांच्या कुलवृत्तान्तांत तीन गोष्टी असल्या पाहिजेत. एक, ज्या मुली लग्न होऊन गेल्या त्यांच्या मुलाबाळांचीं नांवें, जितकीं मिळतील तितकीं. दुसरी, त्यांच्या वाड्याच्या मागल्या पडवींत तीन पिढ्या राहिलेल्या गड्याच्या कुटुंबाची हकीकत, जिचा उल्लेख बोलतां बोलतां ते स्वतःच करतात. आणि तिसरी, त्यांच्या आजोबांची ती चुलत बहीण, जी विधवा झाल्यावर एके दिवशीं घरांतून निघून गेली आणि जिच्याविषयीं आम्हांला त्यांनीं दार लावून घेऊन सांगितलें होतें. तिचें नांव त्यांना ठाऊक आहे. पत्र टाकून दोन महिने झाले. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.